एका वऱ्हाडी खलाशाच्या नोंदी

मुलकी खात्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाला कागदाचे भय वाटत नाही आणि कागदावर त्याचा फारसा विश्वासही बसत नाही. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तो जमीन कसतोच असे नाही आणि जो कसतो त्याचे नाव कोठे लागलेले असेलच असेही नाही, हे त्याने इतक्या वेळा पाहिलेले असते की, कोणतीही नोंद समोर आली म्हणजे ती कोणी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाच्या सोयीसाठी केली, हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहतो. सेवानिवृत्तीनंतर माझ्या आजोबांच्या युद्धकाळातील आरमारी नोकरीचा शोध घेण्याचा जो उद्योग मी आरंभला आणि जो पुढे माझ्या एकट्याचा न राहता चिखली, मेहकर, खामगाव या बाजूंच्या पुष्कळ घरांचा झाला, त्यात ही जुनी खोड मला सर्वांत अधिक उपयोगी पडली.

आमचे अमडापूर हे खामगाव-चिखली रस्त्यावरचे गाव. टेकडीवर बल्लाळदेवीचे प्राचीन देऊळ, खाली काळी जमीन, तीत ज्वारी आणि कापूस. समुद्र येथून शेकडो मैलांवर. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाने खारे पाणी पाहिलेच तर ते लोणारच्या सरोवराचे. मराठी माणसाच्या मनातले आरमार म्हणजे सिंधुदुर्ग, कुलाबा आणि कान्होजी आंग्रे. त्यात वऱ्हाडातला कुणबी कोठे बसवावा हे ऐकणाऱ्याला कळत नसे, आणि म्हणून आजोबा ‘जहाजावर होते’ ही गोष्ट गावात नेहमी थोड्या थट्टेच्या सुरातच सांगितली जाई. पारावर बसणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना मी मुद्दाम विचारले तेव्हा ते म्हणाले, “तुहा आजा जहाजावर होता हे खरं हाय, पण त्याले गावच्या विहिरीत पोहता येत नव्हतं.” ही साक्ष मी तेव्हाच वहीत उतरून घेतली आणि आजही ती मला सर्वांत विश्वसनीय वाटते, कारण तिच्यात कोणाचाही हितसंबंध गुंतलेला नाही.

वस्तुतः यात नवल करण्यासारखे फारसे नाही. 1934 साली ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव मिळालेले हिंदी आरमार 1939 मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा अगदी लहान होते. आठ युद्धनौका आणि दोन हजारांच्या आतबाहेर माणसे एवढाच त्याचा पसारा होता, आणि खलाशांची भरती प्रामुख्याने रत्नागिरीकडच्या व पंजाबातल्या मुसलमान कुटुंबांतून होत असे. जपान युद्धात उतरल्यावर हे चित्र पालटले. युद्ध संपेपर्यंत माणसांची संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली, आणि एवढी माणसे केवळ किनाऱ्यावरून मिळणे शक्य नसल्यामुळे भरतीचे अधिकारी हिंदुस्थानच्या आतल्या मुलखात, ज्यांनी कधी होडी पाहिली नव्हती अशा गावांपर्यंत, येऊन पोहोचले. आजोबा 1943 साली गेले. देशप्रेम, राजनिष्ठा किंवा साहस यांपैकी कोणतेही कारण घरात कधी सांगितले गेले नाही. महागाई फार झाली होती आणि नेव्हीत पगार रोख मिळत असे, एवढेच आजी सांगे. खामगावहून जलंब, जलंबहून मुंबईची गाडी, असा तो प्रवास. पुढच्या तीन वर्षांविषयी त्यांनी स्वतः जे सांगितले ते एका पोस्टकार्डावर मावेल.

घरात शिल्लक होते ते असे: नोकरीचा एक घडी पडून चिरलेला दाखला, मनीऑर्डरींच्या कूपनांचा दोऱ्याने बांधलेला जुडगा, एक छायाचित्र, आणि तांब्याच्या मिश्रधातूची, पिवळसर झाक असलेली सहा टोकांची एक चांदणी. चांदणीच्या मध्यावर राजाची मुद्रा व तिच्याभोवती ‘द बर्मा स्टार’ अशी अक्षरे. रिबीन गडद निळी, मध्ये रुंद लाल पट्टा आणि दोन्ही निळ्या पट्ट्यांच्या मधोमध नारिंगी रेघ. ही रिबीन लहानपणी आम्ही पोळ्याला बैलाच्या शिंगाला बांधलेली मला आठवते. छायाचित्रातील टोपीच्या फितीवर जहाजाचे नाव सापडेल अशी मला मोठी आशा होती. परंतु शत्रूला माग लागू नये म्हणून युद्धकाळात फितीवरून जहाजाचे नाव काढून टाकीत आणि ‘एच. एम. आय. एस.’ एवढीच अक्षरे ठेवीत असत, ही गोष्ट पुढे समजली. म्हणजे हा मनुष्य बादशहाच्या कोणत्या तरी हिंदी जहाजावर होता, यापलीकडे ते छायाचित्र काही बोलत नाही.

पहिली तफावत मला माझ्याच ओळखीच्या दप्तरात सापडली. आमच्या विदर्भात जन्ममृत्यूची जुनी नोंद कोतवाल बुकात असते, आणि तीत बहुधा मुलाचे नाव नसते. अमक्याच्या घरी मुलगा झाला, एवढेच लिहिलेले असते. तारखा, पणजोबांचे नाव आणि भावंडांचा क्रम यांवरून जी नोंद आजोबांची ठरते, तिच्या हिशेबाने भरतीच्या वेळी त्यांचे वय आरमारी दाखल्यावरील वयापेक्षा कमी भरते. भरतीच्या कारकुनाने ते विचारून लिहिले की पाहून लिहिले, हे सांगता येत नाही. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला जो आकडा सांगणे सोयीचे होते तोच आकडा लिहून घेणे समोरच्या माणसालाही सोयीचे होते, आणि दोघांची सोय जुळली म्हणजे नोंद होते, असा माझ्या खात्यातला अनुभव आहे.

दाखल्यावर जहाजांची नावे ओळीने होती: डलहौसी, हिमालय, हमला, आणि शेवटी पुन्हा डलहौसी. घरातला समज असा की, ‘हिमालय’ हे एक प्रचंड युद्धजहाज असून त्याच्या तोफेवर आजोबा होते. माझे एक काका तर त्या जहाजाची लांबी हातवाऱ्यांनी दाखवीत. या चारही नोंदींपैकी एकही जहाज पाण्यावर तरंगणारे नाही. इंग्रजी आरमाराच्या पद्धतीप्रमाणे जमिनीवरच्या छावण्यांना आणि शाळांनाही जहाजाचेच नाव देतात आणि प्रत्येक खलाशी कागदोपत्री कोणत्या ना कोणत्या जहाजावर असावाच लागतो. डलहौसी म्हणजे मुंबईच्या कोटातील कॅसल बरॅक्स, जिला आज आय. एन. एस. आंग्रे म्हणतात, हिमालय म्हणजे कराचीजवळच्या मनोरा बेटावरील तोफखान्याची शाळा, आणि हमला म्हणजे शत्रूच्या किनाऱ्यावर फौज उतरवणाऱ्या सपाट तळाच्या नौका चालवण्याचे शिक्षण देणारे ठाणे. हे कळल्यावर काकांचा चेहरा असा उतरला की, ते सांगितले नसते तर बरे झाले असते असे मला क्षणभर वाटले.

परंतु याच नोंदीच्या दुसऱ्या बाजूने शोधाला खरे वळण मिळाले. लहान नौकांना स्वतःचे पगारपत्रक नसे. त्यांवरच्या माणसांची नावे एखाद्या मोठ्या ठाण्याच्या खात्यावर लावलेली असत. एखादा मनुष्य दोन वर्षे ‘हमला’च्या हजेरीवर दिसला तर तो दोन वर्षे त्या छावणीत झाडलोट करीत असेल, किंवा चिखलात रुतलेल्या नौकेवर गोळ्या झेलीत असेल, कागद दोन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहितो. आमच्याकडे पेरेपत्रकात पडीक लिहिलेल्या जमिनीवर तूर डोलताना मी पाहिलेली असल्यामुळे या गोष्टीने मी हताश झालो नाही. कागद जेथे मुका होतो तेथे दुसरा कागद शोधायचा, एवढेच.

तो दुसरा कागद म्हणजे मनीऑर्डरींची कूपने. त्यांवरचा मजकूर एकाच साच्याचा, ‘खुशाल आहे, बैलाचे पाहावे’ एवढाच. मी मजकूर सोडून शिक्के वाचू लागलो. बहुतेक शिक्के मुंबईचे, काही कराचीचे, आणि काही मंडपमचे. मंडपम हे गाव नकाशावर शोधले तेव्हा ते तमिळ प्रदेशाच्या अगदी टोकाला, पांबनच्या पुलाच्या अलीकडे, रामेश्वरासमोर निघाले. आणि लगेच आजीचे एक बोलणे आठवले. ती म्हणे, “लढाईत का होईना, यांचं रामेश्वर झालं.” आम्ही ते भाबडेपणाचे बोलणे समजून हसण्यावारी नेले होते. हमला हे ठाणे मुंबईच्या मार्वे किनाऱ्यावर येण्यापूर्वी मंडपमला होते, ही माहिती मला अधिकृत इतिहासग्रंथातून मिळाली. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते तिने ती साठ वर्षे तोंडी जपून ठेवली होती. तेव्हापासून घरातली कोणतीही आठवण, ती कितीही विपरीत दिसो, मी बाद करीत नाही. ती वहीच्या एका बाजूला लिहून ठेवतो आणि तिच्या शेजारची जागा कोरी सोडतो.

तो इतिहासग्रंथ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील हिंदी सैन्याच्या अधिकृत इतिहासमालेतील आरमारावरचा खंड. बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या मालेत कमांडर कॉलिन्स यांनी तो लिहिला आणि 1964 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ही माला भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची संयुक्त आहे, हे मला विशेष वाटले. फाळणीत जहाजेही वाटली गेली. ‘जमना’, ‘सतलज’, ‘कृष्णा’, ‘कावेरी’ इकडे राहिली आणि ‘नर्मदा’ व ‘गोदावरी’ तिकडे जाऊन त्यांची नावे बदलली. नाशिकच्या नदीचे नाव घेतलेले जहाज कराचीला गेले, तरी लढाईची बखर मात्र दोघांनी मिळून लिहिली. या ग्रंथात जहाजांच्या हालचाली आणि अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या खलाशाचे नाव त्यात सापडणे म्हणजे अपघातच. तेव्हा रीत अशी पडली की, माणसाला सोडून द्यावे आणि त्याच्या तुकडीच्या मागे जावे. तुकडी कोठे होती हे ठरले म्हणजे माणूस तेथे असण्याचा संभव किती, एवढे बोलता येते.

हमलाच्या नौका 1945 च्या आरंभी ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर होत्या. आजोबांच्या कूपनांत नेमके त्या हिवाळ्यातले महिने रिकामे आहेत आणि बर्मा स्टार त्यांच्याजवळ आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर ते तेथे होते असे मानण्यास हरकत नाही. 3 जानेवारीला अक्याब बेटावर फौज उतरली तेव्हा जपानी लोक ते सोडून आधीच गेले होते, आणि ज्या चढाईसाठी महिनोन् महिने तालीम झाली तिथे एक गोळीही झाडावी लागली नाही. हे वाचताना मला खेद झाला. आजोबा सुखरूप राहिले याचे समाधान वाटायला हवे होते, आणि वाटला तो खेद, ही गोष्ट माझ्या ध्यानात राहिली आहे. पुढे मात्र 12 जानेवारीला म्येबोन आणि 22 जानेवारीला कांगॉ येथे जे झाले ते निराळे होते. खाडीच्या फांट्यांत भरती-ओहोटीच्या वेळा साधून, दोन्ही अंगांना खारफुटीचे रान असताना, या नौकांनी माणसे, दारूगोळा आणि पाणी चिखलात उतरवले. ‘नर्मदा’ आणि ‘जमना’ या हिंदी जहाजांनी तोफांचा मारा केला. कांगॉच्या लढाईत ज्या तीन हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांनी नाव कमावले त्यांत कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात होते, जे पुढे लेफ्टनंट जनरल झाले. थिमय्या आणि सेन हे दुसरे दोघे. त्या तिघांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांची माणसे ज्या नौकांतून चिखलापर्यंत आली त्या नौकांच्या सुकाणूवर, यंत्रावर, मशीनगनवर कोण होते, याविषयी लिहिले गेले नाही, कारण तशी नावे लिहून ठेवण्याची कोणालाच गरज वाटली नाही. आजोबा पावसाळ्यात शेतात गाळ झाला की उगीच अस्वस्थ होत आणि पायातला चिखल धुतल्याखेरीज पाणीसुद्धा पीत नसत. याचा आराकानशी संबंध जोडण्याचा मोह मला पुष्कळदा झाला, पण वहीत त्याच्यापुढची जागा मी कोरीच ठेवली आहे.

हे काम चालले असल्याचा बोभाटा झाल्यावर लोक पिशव्या घेऊन येऊ लागले. त्या पिशव्यांनी मला जितके शिकवले तितके ग्रंथांनी शिकवले नाही. एक गोष्ट लवकरच ध्यानात आली की, प्रत्येक घरातले आजोबा ‘बंगाल’ जहाजावरच होते. 11 नोव्हेंबर 1942 रोजी साडेसहाशे टनांच्या या चिमुकल्या हिंदी जहाजाने आणि ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाने हिंदी महासागरात दोन मोठ्या जपानी हल्लेखोर जहाजांशी झुंज दिली आणि त्यांपैकी ‘होकोकू मारू’ बुडाले. पराक्रम खरोखरच थोर. परंतु त्यावर माणसे शंभराच्या आतबाहेर, आणि माझ्याकडे आलेल्यांचे व त्यांनी ऐकलेल्यांचे सगळे आजोबा त्यावर चढवले असते तर जपान्यांनी तोफ डागण्यापूर्वीच ते बुडाले असते. मी कोणाला खोटे पाडत नसे. “दाखल्यावरचा नंबर वाचा,” एवढेच म्हणे. कारण कोणत्याही कचेरीत गेले तरी पहिला प्रश्न नंबराचाच असतो. नाव इंग्रजीत कसेही लिहिलेले असते, बुलढाण्याचे स्पेलिंग तेव्हा निराळे होते, प्रांत वऱ्हाड असा लिहिलेला असतो, आणि एकाच नावाची पाच माणसे निघतात. नंबर मात्र एकाचाच असतो.

एक तरुण, नुकताच शिक्षकाच्या नोकरीला लागलेला, आपल्या पणजोबांचा दाखला घेऊन आला. त्यावर हुद्दा ‘टोपाज’ असा होता. आरमारात हे पद सफाई कामगारांचे, आणि ते कोणत्या जातींच्या माणसांना दिले जाई हे सांगावे लागत नाही. त्याने तो शब्द आधीच कोठे तरी पाहून ठेवला होता. घरात पणजोबांना ‘नेव्हीतले साहेब’ म्हणत, तो म्हणाला, “सर, हे वडिलांना कसं सांगू?” मी त्याला दाखला पुन्हा वाचायला सांगितला. जहाजाचे नाव खरोखरच्या जहाजाचे होते, ‘जमना’. हे जहाज 1943 च्या जुलैत सिसिलीच्या चढाईत होते आणि पुढे आराकानात. जहाज बुडाले असते तर टोपाज आणि कप्तान एकाच पाण्यात गेले असते, आणि आमचे आजोबा ज्या काळात छावणीत कवायत करीत होते त्या काळात त्याचे पणजोबा भूमध्य समुद्रात होते. हुद्दा न लपवता, जहाजासकट, त्याने तो दाखला शाळेच्या भिंतीवर लावला असे पुढे कळले.

दुसरे एक गृहस्थ आले ते स्पष्ट हेतूने. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईच्या ‘तलवार’ ठाण्यावर खलाशांनी जो संप पुकारला आणि जो दोन दिवसांत किनाऱ्यावरच्या ठाण्यांत, बंदरातल्या जहाजांत आणि कराचीपर्यंत पसरला, त्यात भाग घेतलेल्यांना केंद्र सरकारच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत पुढे स्थान मिळाले. या गृहस्थांच्या चुलत्यांच्या दाखल्यावर त्याच वर्षाच्या मध्यावर ‘नोकरीची गरज उरली नाही’ अशा अर्थाचा शेरा होता, आणि तो शेरा म्हणजे उठावाचा पुरावा असे त्यांचे म्हणणे. शेरा पुराव्यासारखा दिसतो हे खरे. उठावानंतर शेकडो लोकांना काढण्यात आले तेव्हा असेच शब्द वापरले गेले. पण युद्ध संपल्यावर हजारो लोकांना घरी पाठवताना दुसऱ्या कारणांसाठीही ते वापरले जात. न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने शेकडो साक्षी घेतल्या. त्या कागदांत नाव असेल तर प्रश्न मिटतो, नसेल तर उरतो. मी एवढे लिहून दिले आणि त्यांना ते आवडले नाही.

त्यांना हे उत्तर देताना माझ्या घरचा दाखला माझ्या समोर होता. आजोबांची शेवटची नोंद डलहौसीची. संपाच्या आठवड्यात ते कागदोपत्री तरी मुंबईत होते, आणि 21 फेब्रुवारीला खलाशांचा लष्कराशी गोळीबार झाला तो याच कॅसल बरॅक्सवर. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांना रीतसर मोकळे करण्यात आले. वर्तणुकीच्या रकान्यात शेवटच्या वर्षासमोरही ‘व्हेरी गुड’ची दोन अक्षरे आहेत. याचा अर्थ त्यांनी भाग घेतला नाही असा करता येईल, भाग घेतला पण कोणी नाव लिहून घेतले नाही असाही करता येईल, किंवा चांगल्या मनाच्या एखाद्या कारकुनाने मागचे वर्ष पाहून पुढच्या वर्षाचा रकाना भरला असाही करता येईल. असे रकाने भरताना मी स्वतः माणसे पाहिलेली आहेत. आजीला विचारायला हवे होते, पण हा प्रश्न मला सुचला तेव्हा ती नव्हती.

गेल्या स्वातंत्र्यदिनाला गावातल्या माजी सैनिकांची नावे लावायचे ठरले आणि आमच्या भावकीतल्या उत्साही मंडळींनी आजोबांच्या नावाखाली ‘1946 च्या नाविक उठावातील क्रांतिवीर’ असे लिहून फ्लेक्सचा नमुना मला मोबाइलवर पाठवला. मी कळवले की, ‘खलाशी, रॉयल इंडियन नेव्ही, 1943 ते 1946, आराकान आघाडी, बर्मा स्टार’ एवढे लिहावे. पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही नेहमी कमीच करता.” बराच वाद झाला. अखेर क्रांतिवीर हा शब्द गेला आणि आराकान राहिले. परंतु मागच्या बाजूस जे जहाज छापले ते क्षेपणास्त्रे सोडणारे, आजच्या नौदलाचे, पाचशे फुटी. त्यावर मी हरकत घेतली तेव्हा छापणारा मुलगा म्हणाला की, चिखलात उतरणाऱ्या सपाट होडीचे चित्र त्याला मिळाले होते, पण ते पाहून गावातला कोणी ते जहाज आहे असे मानणार नाही. माझे तेच काका त्या फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे होते. आणि “हेच ते हिमालय,” असे त्यांनी शेजारच्याला सांगितलेले मी स्वतः ऐकले.